मास्तरांनी उभं राहायचं ठरवलं

माणूस भेटला की आपण आधी त्याचा चेहरा बघतो. आमचे टेलर मास्तर आधी कॉलर बघत, मग खांद्यांची शिलाई, मग बाह्या, आणि एवढं सगळं बरं निघालं तरच नजर वर चेहऱ्यापर्यंत नेत. त्यामुळे गावातले कित्येक जण त्यांना मापानं पक्के ठाऊक होते आणि नावानं अजिबात नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मास्तर नमस्कार करत आणि हळूच मला विचारत, "डावा खांदा उतरता आहे, तो कोण रे हा?"

दिवसा कपडे शिवणारा हा माणूस संध्याकाळी आमच्या हौशी वाद्यवृंदात बोंगो वाजवायचा. आमची तालीम व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये चाले. खाली कुणी वजनं आदळली की वर आमचा ताल चुके. सगळ्यांचा चुके, मास्तरांचा नाही. खालच्या आदळआपटीलाही ते सम मानून घेत आणि पुढं जात. पण हे कौतुक ऐकण्यापुरतं होतं, बघायला तिथं काही नव्हतं. मास्तर मागच्या रांगेत एका बुटक्या स्टुलावर बसत, बोंगोची जोडी गुडघ्यांत धरत आणि मान खाली घालून वाजवत. त्यांच्या पुढं मी बसायचो, अकॉर्डियन घेऊन. माझा भाता उघडला की मास्तर दिसेनासे होत, मिटला की अर्धं डोकं दिसे. गाणं संथ असलं तर मास्तर बराच वेळ गायब. ते मला 'भात्या' म्हणत, त्यात थोडं प्रेम होतं आणि थोडी तक्रार.

गुडघ्यांत बोंगो दाबून धरल्यानं विजारी आतल्या बाजूनं झिजायच्या. मास्तरांनी प्रत्येक विजारीला तिथं चामड्याचे तुकडे शिवले होते. कुणी विचारलं तर ती फॅशन आहे असं सांगत. टेलरनं सांगितल्यावर त्यावर कोण वाद घालणार? गावात दोघा-तिघांनी तशा विजारी शिवूनही घेतल्या.

मास्तरांच्या आयुष्यात एकच शाबासकी होती आणि ती त्यांनी जपून वापरली होती. लग्नाच्या आधीची गोष्ट. एक मुलगी ड्रेसच्या फिटिंगला दुकानात आली होती. ती कोपऱ्यातल्या पडद्याआड गेली आणि वेळ जावा म्हणून मास्तर कापडं बेतायच्या टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले. आतून आवाज आला, "हात काय छान चालतात हो तुमचे." पुढं त्या मुलीचे सगळे कपडे मास्तरांनीच शिवले आणि शेवटी तिच्याशी लग्न केलं. ही गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की तो ड्रेस मी स्वतः घातला होता असं मला कधीकधी वाटतं.

आता साडू. मास्तरांच्या धाकट्या मेहुणीचा नवरा. लिफ्टच्या कंपनीत नोकरी आणि उंची अशी, की आपल्याच लिफ्टमध्ये शिरताना वाकायचा. स्वभावानं इतका सरळ, की त्याच्यावर चिडायला कारण मिळत नसे. मास्तरांची खरी अडचण ही होती. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्याचा वाईटपणा मदतीला येतो. चांगल्या माणसाचा हेवा एकट्यानं, सगळे कष्ट स्वतः उपसून करावा लागतो. मास्तर ते उपसत होते. साडूचे केस दाट, त्याचा त्रास. साडूच्या घरी पंखा आवाज करत नाही, त्याचा त्रास. साडूला तयार कपडे अंगाबरोबर बसतात, शिवून घ्यावेच लागत नाहीत, हा तर धंद्याचाच अपमान.

त्यात त्याला बोंगो शिकायची हौस आली, आणि शिकवणार कोण, तर मास्तर. बायकोच्या बहिणीचा नवरा, नाही म्हणता येईना. शिकवलं. बरा वाजवायला लागला. बाईंनी त्याला वाद्यवृंदात घेतला. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका, आम्हा सगळ्यांकडे नववीचा वर्ग म्हणून बघायच्या. मास्तर म्हणाले, चांगलं झालं, घरचाच माणूस. म्हणताना हातातली सुई त्यांनी टाचण्यांच्या उशीत इतकी खोल खुपसली, की काढायला चिमटा लागला.

आणि एका संध्याकाळी साडू स्टँड घेऊन आला.

पिशवीतून काळ्या-चंदेरी नळ्या निघाल्या. तीन पाय उघडले, प्रत्येकाला दुहेरी पट्टी, खाली रबरी बूट. मधल्या नळीत दुसरी नळी, ती हवी तेवढी वर ओढायची आणि कानांचा नट हातानं पिळून घट्ट करायचा. वर एक क्लँप. दोन बोंगोंच्या मधल्या लाकडी ठोकळ्याला तो धरतो, म्हणजे ढोलाला कुठं भोक पाडायला नको आणि आवाजही बसत नाही. साडूनं बोंगो चढवला, स्वतःकडे जरा कलता केला आणि उभा राहून वाजवायला लागला. सगळा वाद्यवृंद त्याच्याभोवती जमला. गायिकेनं नट फिरवून बघितला. बासरीवाल्यानं रबरी बूट दाबून बघितले. मास्तरांच्या गुडघ्यांभोवती इतक्या वर्षांत असं कुणी जमलं नव्हतं, आणि जमलं असतं तर बरंही दिसलं नसतं.

वाचनालयातल्या छोट्या कार्यक्रमात बाईंनी साडूला पुढं उभं केलं. दोघी बहिणी पहिल्या रांगेत होत्या. घरी परतताना मास्तरांची बायको सहज म्हणाली, "भावजींचे हात काय छान चालतात हो."

मास्तर रस्त्यात थांबले. बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. पायात चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावून ही हकिकत सांगितली. तेच वाक्य रे भात्या, म्हणाले, शब्द न् शब्द तोच. माझं होतं ते. माझे हात तिनं शेवटचे कधी बघितले? मी तुझ्या भात्यामागं आणि हात माझ्या गुडघ्यांमागं. मी त्यांची समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, तू भाता मीट.

त्याच आठवड्यात बाईंनी वार्षिक कार्यक्रमाची आखणी सांगितली. मोठं नाट्यगृह, पुढं गायकांच्या माईकमुळे जागा कमी. एकच बोंगो पुढं, उभ्यानं. दुसरा मागं, बसून. ज्याच्याकडे स्टँड असेल तो पुढं, आणि दोघांकडे असला तर रंगीत तालमीला ऐकून ठरवू. मास्तरांनी ऐकलं आणि त्या क्षणी उभं राहायचं ठरवलं. पुढची जागा मिळाली म्हणजे हात दिसतील, हात दिसले म्हणजे ते वाक्य परत घरी येईल, असा त्यांचा साधा हिशोब होता.

आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार समजूतदार होता. विकण्याआधी विचारायचा. उभ्यानं वाजवणार की बसून? बसून असेल तर बुटका स्टँड घ्या, गुडघे मोकळे राहतील. स्कूटरवर न्यायचा का? मग हलका घ्या. मधला ठोकळा किती जाड आहे? क्लँप बसला पाहिजे. मास्तरांनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं: साडूकडे आहे त्याच्यापेक्षा वरचढ दाखवा. दुकानदारानं विचारलं, वरचढ म्हणजे कसा? मास्तर म्हणाले, एक पाय जास्त असलेला.

दुकानदार म्हणाला, "चार पायांचं टेबल मिळेल. शेजारच्या दुकानात."

मग त्यानं शांतपणे समजावलं, की रंगमंचाच्या फळ्या वरखाली असतात. तीन पाय कुठंही टेकतात, चौथा आला की डुगडुगतो. आणि उंची फार नको, बोंगो कमरेच्या जरा खाली आला की खांदे भरून येत नाहीत. हे मी ऐकलं. मास्तर त्या वेळी वरच्या फळीवर साडूकडे होता तसलाच स्टँड दिसतो का ते शोधत होते. दिसला. तोच घेतला तर नक्कल होईल, आणि त्याखालचा घेतला तर खालचा होईल. आम्ही हात हलवत परत आलो.

पुढच्या तालमीला नशीब मास्तरांच्या बाजूनं आलं. गाणं रंगात असताना साडूच्या स्टँडचा नट ढिला झाला आणि आतली नळी हळूहळू खाली उतरू लागली. साडू वाजवत वाजवत वाकत गेला. शेवटी तो हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखा दिसत होता. मास्तरांनी त्या दिवशी गाण्यात नसलेला एक तुकडा वाजवला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, पण इतका सुरेख होता की बोलल्या नाहीत.

जिना उतरताना मास्तर म्हणाले, नट ढिला होतो भात्या. वेल्डिंग ढिलं होत नाही.

झालं, ठरलं. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वेल्डरकडून स्टँड करून घ्यायचा. जाड पाइप, पसरट पाय, आणि उंची एकदाच ठरवून सगळं जोडून टाकायचं. नट नाही, नळीत नळी नाही, उतरायचा प्रश्नच नाही. राहता राहिलं माप. ते घ्यायला मास्तर तालमीच्या मधल्या सुट्टीत, मी सोडून सगळे चहाला गेल्यावर, गळ्यातला टेप काढून साडूच्या स्टँडपुढं गुडघ्यावर बसले. खालपासून वरपर्यंत, मग पायांचा घेर, मग क्लँपची रुंदी. गिऱ्हाइकाची घेतात तशीच. एकदा तर सवयीनं 'श्वास सोडा' म्हणाले.

इतक्यात साडू चहाचा कप घेऊन मागं उभा. "काय करताय दादा?"

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "कव्हर शिवतोय. तुमच्या स्टँडला."

साडूचा चेहरा असा उजळला, की मीच खाली बघितलं. माझ्यासाठी? असं त्यानं दोनदा विचारलं.

आता कव्हर शिवणं आलं. मास्तरांनी ठरवलं होतं, की हातासरशी काहीतरी गोणपाटाचं शिवून द्यायचं. पण तो हात ऐकेना. वाईट शिवायची त्याला सवयच नव्हती. जाड कापड आलं, आत अस्तर आलं, नटासाठी वेगळा खिसा आला, रबरी बुटांना चामड्याच्या तीन टोप्या आल्या. मी दुकानात गेलो तेव्हा मास्तर दात-ओठ खात तुरपाई करत होते आणि टाके मोत्यांसारखे पडत होते. बायको म्हणाली, भावजींसाठी किती मायेनं शिवताय. मास्तरांनी दोरा दातानं तोडला.

इकडे स्टँड तयार झाला. मास्तरांनी तो घरी आणला नाही, बायकोला आधी कळायला नको म्हणून. रंग वाळेपर्यंत वेल्डरकडेच राहिला आणि रंगीत तालमीच्या दिवशी हातगाडीवरून थेट नाट्यगृहात आला. त्याच्यावरही कव्हर होतं, साडूच्या कव्हरपेक्षा एक खिसा जास्त. त्यात ठेवायला काही नव्हतं, पण होता.

दोघी बहिणी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. बाई वही घेऊन तयार. साडू आपला स्टँड लावून कडेला उभा. मास्तरांनी मध्यभागी येऊन कव्हर काढलं. सोनेरी रंगाचा, गेटसारखा भक्कम स्टँड. कौतुकाचा एक 'अरे वा' उठला. मास्तरांनी बोंगो चढवला, क्लँप आवळला, स्टँडमागं उभे राहिले.

बोंगो त्यांच्या छातीशी आला होता.

त्यांनी कोपर वर केले. मग आणखी वर केले. टाचा उंचावल्या. वाजवायला सुरुवात केली, तर फळीवरचा डबा काढणाऱ्या माणसासारखे हात दिसत होते, आणि बोंगोच्या वर फक्त मुंडकं. बाईंनी अगदी मनापासून विचारलं, "मास्तर, हा माईकचा स्टँड आहे का?"

पहिल्या रांगेतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, माप कुणाचं घेतलंत?"

ज्या माणसानं अख्ख्या गावाच्या कमरा मोजल्या, त्यानं स्वतःची मोजली नव्हती. साडूच्या स्टँडचं माप, म्हणजे साडूचंच माप. मास्तर घामाघूम झाले. मी भाता पूर्ण उघडला, म्हणजे निदान त्यांना त्यामागं लपता येईल. पण ते पुढं होते आणि मी मागं. पुढच्या रांगेचे तोटे असे वेळेवर कळतात.

तेवढ्यात साडू पुढं आला. त्यानं बोंगोवर हात ठेवले. कोपर बरोबर, खांदे मोकळे, पाठ ताठ. स्टँड त्याला असा बसला, जसे तयार कपडेही बसत नसत. त्यानं दोन थापा मारल्या, स्टँड हलवून बघितला. हलला नाही. मग त्यानं मास्तरांकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"दादा," तो म्हणाला, "माझा उतरतो म्हणून करून घेतलात? म्हणून त्या दिवशी माप घेत होतात?"

आणि त्यानं वाकून मास्तरांना मिठी मारली. मास्तर त्या मिठीत खांद्यापर्यंत बुडाले. बाई म्हणाल्या, नात्यानं साडू पण भावाहून जवळ. बासरीवाल्यानं टाळ्या सुरू केल्या. गायिकेनं डोळे टिपले. साडूच्या काखेखालून मला मास्तरांचं तोंड दिसत होतं. त्यावरचा भाव नेमका सांगता येणार नाही. बिल चुकतं करून बाहेर पडल्यावर आपलीच छत्री दुसऱ्याच्या हातात दिसली, तर काहीसं तसं होतं. आता खरं सांगण्याची सोय नव्हती. मास्तर एवढंच म्हणाले, "असू दे, असू दे."

मग साडूचा चांगुलपणा सुटला तो आवरेना. माझा स्टँड तुम्ही घ्या, म्हणाला. आणि पुढं तुम्हीच उभं राहायचं दादा, मी मागं, या तुमच्या स्टँडवर, उभ्यानंच. बाईंनी वहीत तसं लिहूनही टाकलं. साडूनं जाता जाता बजावलं, की त्या नटाला मधूनमधून पीळ द्यावा लागतो, दर गाण्याआधी एकदा. मास्तरांनी ऐकलं नाही. साडूकडून शिकणं अजून त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

स्टँडची उंची बायकोनं ठरवली. ती रंगमंचावर चढली, मास्तरांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि सगळ्यांसमक्ष त्यांची कंबर जमिनीपासून मोजली. आतापर्यंत त्यांना कुणी मोजलंच नव्हतं, त्यांना गुदगुल्या झाल्या. "श्वास सोडा," ती म्हणाली. तिला सगळं कळलं होतं, हे मला तिथंच कळलं.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. मास्तर पुढं, दिव्यांत, चंदेरी स्टँडमागं. विजारीला चामडं नव्हतं. पहिली दोन गाणी काय वाजवली म्हणून सांगू. मीसुद्धा त्यांचे हात पहिल्यांदाच बघत होतो. पाठीमागून, पण तरी. तिसऱ्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात नळी उतरायला लागली.

नट पिळायला हात रिकामा नव्हता. मास्तर वाकले. आणखी वाकले. सगळ्या प्रेक्षकांना त्यांचं टक्कल दिसू लागलं. दुसऱ्या कडव्याला त्यांनी पायानं गायकांच्या चौथऱ्याचा काठ चाचपला आणि ठेका न सोडता त्यावर बसले. नळी तळाला टेकली तेव्हा बोंगो नेमका त्यांच्या गुडघ्यांमध्ये आला होता. गुडघे आपोआप मिटले. मान खाली गेली. आणि मग जे वाजलं, ते त्या नाट्यगृहात पुन्हा वाजायचं नाही. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. टाळ्या थांबेनात.

परतताना आम्ही एकाच वाटेनं होतो. मास्तरांनी बायकोला विचारलं, "दिसले का ग हात?"

"पहिल्या दोन गाण्यांत दिसले," ती म्हणाली. "मग टक्कल दिसलं."

चार पावलं गेल्यावर तीच म्हणाली, "अहो, त्या दिवशी मी पडद्याच्या आत होते. मला कुठं काय दिसत होतं?"

मास्तर पुन्हा रस्त्यात थांबले. या वेळी नाडीचं निमित्त केलं नाही. इतक्या वर्षांत ती गोष्ट हजारदा सांगूनही त्यांना हे सुचलं नव्हतं. ती पुढं गेली होती. ते भराभर चालत तिच्या बरोबरीला आले, आणि मी शहाण्यासारखा दुसऱ्या गल्लीत वळलो.

मला वाटलं, हा आजार गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मास्तर मशीनवर होते, प्रसन्न होते, ठेक्यात पाय मारत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी मशीन थांबवलं आणि दोरा ओवत, माझ्याकडे न बघता विचारलं, "मागं साडूचा तो सोनेरी स्टँड, जरा तरी हलला का रे?"

मी म्हणालो, कार्यक्रमभर केसभरही नाही.

मास्तरांनी सुस्कारा टाकला. "नाहीच हलणार," म्हणाले. "काय नशीब आहे बघ त्याचं."